उजवी बाजू माझी होती

सुनीताचा फोन आला तेव्हा मी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडत होतो. हात ओले होते, म्हणून पहिल्यांदा तो तसाच वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसले आणि... तसेच गेले. आम्ही त्यांना गावाकडे नेतोय. तुम्ही याल ना?" शेवटचं वाक्य तिने जरा थांबून विचारलं. मी येईन याची तिला खात्री नव्हती, आणि ती नसावी यात तिची काही चूक नव्हती. तोडलेल्या फुलांची पाटी तशीच बांधावर ठेवून मी निघालो.

लक्ष्मण गावित रेल्वेत डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते आणि मी त्यांचा असिस्टंट. मनमाड ते दौंड अशा मालगाड्या आम्ही चार वर्षं एकत्र चालवल्या. त्यांचं गाव पेठच्या पुढे, डोंगराच्या कुशीतला एक पाडा. मी पोहोचलो तेव्हा भात कापून झालेलं होतं आणि खाचरं रिकामी पडली होती. रेल्वेतले आम्ही चौघंच आलो होतो, चौघंही पिकल्या केसांचे. अग्नी देण्याआधी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने दोन शब्द बोलावेत असं कुणीतरी सुचवलं. ते म्हणाले, "गावित म्हणजे इंजिनाचा डॉक्टर. असा कसलेला ड्रायव्हर आमच्या लाइनवर झाला नाही. आयुष्यात एकच चूक झाली बिचाऱ्याच्या हातून, आणि तीच नडली." लोकांनी माना हलवल्या. सुनीता खाली बघत राहिली. मी टोपी हातात घेऊन उभा होतो.

ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. हे एवढं लिहायला मला तीस वर्षं लागली. तिथे, त्या सरणासमोर, तोंड उघडायची वेळ अगदी समोर येऊन उभी असतानाही मी गप्प राहिलो.

पुढचं कळण्यासाठी त्या इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं. डब्ल्यूडीएम-टू हे त्याचं नाव. मूळ आराखडा अमेरिकेतला, गेल्या शतकाच्या मध्यावरचा. मग ते आपल्याकडेच बनू लागलं आणि पुढे कित्येक वर्षं निम्म्या देशाच्या गाड्या त्याने ओढल्या. त्याच्या पोटातलं डिझेल चाकं फिरवत नाही, फक्त वीज तयार करतं. चाकं फिरतात ती त्या विजेवर, प्रत्येक आसाला लावलेल्या मोटरींनी. लाइनवर लांबची गाडीही ओढावी आणि यार्डात डबे इकडचे तिकडेही करावेत, अशा दोन्ही कामांसाठी ते आखलेलं होतं. म्हणून त्याची केबिन एका टोकाकडे सरकवलेली. तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला सोळा सिलिंडरचं इंजिन पोटात घेतलेलं लांबलचक धूड. इंजिन फिरवून घ्यायची गरज नाही, दोन्ही दिशांना चालतं. आखूड नाक पुढे असलं की सगळं दिसतं. पण ते लांब धूड पुढे असलं, की केबिनमधून समोर बघताना मधोमध एक भिंतच उभी असते. ड्रायव्हर डाव्या खिडकीत बसतो, त्याला फक्त डावी बाजू दिसते. उजव्या वळणावर तर त्याला पुढचं काहीच दिसत नाही. उजवी बाजू असिस्टंटची. त्याने बघायचं, ओरडून सांगायचं, आणि ड्रायव्हरने ते ऐकून गाडी हाकायची.

पहिल्याच दिवशी गावितांनी मला केबिनबाहेरच्या अरुंद पट्टीवर उभं केलं आणि त्या धुडावर थाप मारली. "हे बघितलंस? याच्या पल्याडचं मला काय बी दिसत नाय. निम्मी लाइन माझी, निम्मी तुझी. तुझ्या निम्म्यात मी कधी डोकावणार नाय. मला डोकावता येतच नाय." आणि हसले. त्यांचं हसणं फार थोडं असायचं, ओठांच्या एका कोपऱ्यातलं. मी त्यांना उस्ताद म्हणायला लागलो. आमच्यात मुरलेल्या ड्रायव्हरला तसंच म्हणायची पद्धत होती, पण बाकीच्यांना मी सवयीने म्हणायचो, त्यांना मनापासून.

चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस. भात निघालं की पाड्यावरची माणसं कामाच्या शोधात खाली उतरतात, तसे ते सोळा-सतरा वर्षांचे असताना एका टोळीबरोबर मनमाडला आले. आधी कोळसा उतरवायचं काम, मग शेडमध्ये खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा मदतनीस, मग वाफेच्या इंजिनावर, आणि वाफ गेली तसे डिझेलवर. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण इंजिन वाचता येई. एकदा नगरला गाडी उभी होती. इंजिन नुसतं चालू होतं. ते खाली उतरले, धुडाच्या कडेने चालत गेले, मध्येच एका जागी पत्र्यावर तळवा टेकवून थांबले आणि परत येऊन म्हणाले, "सातवा सिलिंडर मेलाय." तिथला फोरमन हसला. दुपारी झाकण उघडून पाहिलं तर सातवाच होता. फोरमनने विचारलं, "कसं ओळखलं हो?" उस्ताद म्हणाले, "आमच्याकडं बैल आजारी पडला की असाच हात ठेवून बघतात."

डब्यात ते नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर आणायचे. माझ्या आईच्या हातची वांग्याची भाजी त्यांना आवडायची, आणि माझी गव्हाची पोळी मी त्यांच्या भाकरीशी बदलून घ्यायचो. दसऱ्याला मी मळ्यातून पोतंभर झेंडू मनमाडला न्यायचो. आम्ही दोघं मिळून माळा ओवायचो आणि इंजिनाच्या नाकावर बांधायचो. यमुनावहिनी, म्हणजे त्यांची बायको, हळदकुंकू घेऊन यायच्या. आठ-नऊ वर्षांची सुनीता त्यांच्या पदराला धरून उभी असायची आणि हॉर्न वाजवायचा हट्ट करायची. उस्ताद तिला उचलून केबिनमध्ये घ्यायचे. तिने हॉर्न वाजवला की सगळ्या यार्डातली माणसं मागे वळून बघत.

मी ड्रायव्हर व्हावं हे माझ्यापेक्षा त्यांच्याच मनात जास्त होतं. बढतीची परीक्षा लेखी असायची. "मला लेखी आलं असतं तर मी कधीच मेल गाडीवर असतो," ते म्हणायचे. "तुला येतं. मग आळस कशाचा?" नाशिकला आले असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी नियमांचं एक जाडजूड पुस्तक शोधून आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. मराठीत होतं. पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव होतं, ते त्यांनी पेनाने खोडून टाकलं होतं.

परीक्षेला दहा-बारा दिवस उरले होते. कडक उन्हाळा. दौंडहून आम्ही रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, घेऊन मनमाडकडे परत येत होतो. इंजिनाचं लांब धूड पुढे. त्या टप्प्यात बराच वेळ सरळ लाइन आहे, दोन्ही बाजूंना माळरान, मध्ये ना सिग्नल ना फाटक. केबिनमध्ये भट्टीसारखं तापलेलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडलं. कुठलं प्रकरण वाचत होतो ते मला पक्कं आठवतं. इथे लिहीत नाही, कारण ते मी रचलेलं वाटेल. सरळ लाइन संपून उजवं वळण लागलं, मुरमाच्या दोन उंच कड्यांमधून जाणारं. मी मान वर केली नाही. एक पान उरलं होतं...

मला आधी ऐकू आलं. कुणीतरी बोंबलत होतं. मान वर केली तर लाल झेंडीवाला माझ्या खिडकीच्या खालून मागे सरकत होता. तो हातातली झेंडी फडकवत गाडीच्या बाजूने धावत होता. किती अंतरावरून तो ती दाखवत असेल, देव जाणे. लाइनवर कामाला आलेल्या गँगने त्याला नुकतंच पुढे पाठवलं होतं. गाडीला इशारा देणारे फटाके रुळावर लावायला तो अजून निघालाच होता. मी किंचाळलो. उस्तादांनी माझ्याकडे न बघता ब्रेक टाकला. मागच्या वाघिणी एकमेकींवर आदळत आल्या. पण भरवेगातली मालगाडी हाकेच्या अंतरात थांबत नाही.

गँगमध्ये आठ माणसं होती. त्यांनी रूळ जॅक लावून उचलला होता. सात जण कडेला उड्या टाकून वाचले. आठवा, बाळू, पळाला नाही. जॅक तसाच राहिला असता तर आमची गाडी रुळावरून गेली असती, हे त्याला ठाऊक होतं. तो वाकून जॅक सोडवत राहिला. जॅक त्याने काढला. त्याला स्वतःला बाजूला होता आलं नाही.

गाडी थांबल्यावर उस्ताद उतरले आणि मागे चालत गेले. मी केबिनमध्येच बसून राहिलो. ते बऱ्याच वेळाने परत आले. केबिनच्या फरशीवर पुस्तक पडलेलं होतं, पानं उलटी. त्यांनी ते उचललं, झटकलं आणि स्वतःच्या पत्र्याच्या पेटीत टाकून पेटीला कडी लावली. मग मला म्हणाले, "तू इथं नव्हतास. बाहेर इंजिनाकडं गेला होतास, तेलाचं प्रेशर बघायला. मी पाठवलं होतं."

"उस्ताद..."

"मी पाठवलं होतं," ते पुन्हा म्हणाले. "विचारतील तेव्हा एवढंच बोलायचं. जास्त एक अक्षर नाय."

चालत्या गाडीत असिस्टंटला बाहेरच्या पट्टीवरून जाऊन इंजिन तपासावं लागे, त्यामुळे ते कुणालाही पटण्यासारखं होतं. पण लांब धूड पुढे असताना, उजवं वळण तोंडावर असताना असिस्टंटला खिडकी सोडायला लावणं हा ड्रायव्हरचा मोठा गुन्हा. तो त्यांनी चौकशीत तीन साहेबांसमोर सरळ कबूल केला. मग मला आत बोलावलं. ड्रायव्हरने तुम्हाला बाहेर पाठवलं होतं का? मी म्हणालो, हो. कागद समोर आला, मी सही केली. अगदी नेहमीसारखी, वळणदार सही आली.

उस्तादांना लाइनवरून काढून मनमाडच्या यार्डात शंटिंगला, म्हणजे डबे इकडचे तिकडे करायला, लावलं. उरलेली सगळी नोकरी तिथेच गेली. मेल गाडी चालवायचं त्यांचं एक स्वप्न होतं, त्यांचा नंबर जवळ आलेला होता. ते संपलं. मी परीक्षा पास झालो. पेढे घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेलो तर यमुनावहिनी माझ्याशी चांगलं बोलल्या, उलट म्हणाल्या, "तुमच्यावर काही आलं नाही हे नशीब, भावजी." उस्तादांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता डाव्या खिडकीत बसशील. उजवीकडच्याला सांभाळून घे."

त्यांनी मला वाचवलं, हे मी अनेकदा मनात घोळवलं आहे. पण मला खरी लाज वाटते ती त्यानंतरच्या वर्षांची. मी ड्रायव्हर झालो, मग पॅसेंजरवर गेलो, मग मेलवर. माझी गाडी मनमाडला थांबायची तेव्हा पलीकडच्या यार्डात ते असायचे. लाइनवरून उतरवलेलं जुनं डब्ल्यूडीएम-टू घेऊन वाघिणी ढकलत, एकेका डब्यासाठी पुढे-मागे करत. मी दिसलो की खिडकीतून हात वर करायचे. सुरुवातीला मीही करायचो. मग मी त्या वेळी कागद बघायला लागलो, घड्याळ बघायला लागलो. दसऱ्याचे झेंडू एक-दोन वर्षं दुसऱ्याच्या हाती पाठवले, मग तेही बंद झाले. त्यांनी कधी निरोप धाडला नाही की का येत नाहीस. धाडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

नंतर लाइनवर तारा आल्या, विजेची इंजिनं आली. डिझेलवाले एकेक करून निवृत्त झाले. यमुनावहिनी गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. उस्ताद सुनीताकडे राहायला आले, नाशिकला पेठ रोडवर. सुनीता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गेल्या पोळ्याच्या सुमारास बायकोला तपासायला नेलं होतं तेव्हा तिनेच मला ओळखलं. "काका, एकाच शहरात राहता आणि येत नाही? बाबा तुमचं नाव काढतात." त्या दिवशी मला पळवाट सापडली नाही. तिच्याबरोबरच गेलो.

खाटेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, अंगाने अगदी वाळून गेलेले. मला पाहिल्यावर ओठांचा तोच कोपरा हलला. "ये, दिलीप. केस पिकले की रे तुझे." सुनीता चहा ठेवायला आत गेली. आम्ही मळ्याबद्दल बोललो, पाऊसपाण्याबद्दल बोललो. मग त्यांनी विचारलं, "आपलं इंजिन कुठं दिसतं का आता?"

"नाही, उस्ताद. बहुतेक सगळी भंगारात गेली. कापून विकली."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आवाज मात्र लय बरा होता त्याचा," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बाळूच्या घरी गेलास कधी?"

"नाही."

"मी गेलो होतो. पहिल्याच महिन्यात. जास्त वेळ थांबता नाय आलं."

मी म्हणालो, "उस्ताद, मी आता तरी सगळ्यांना सांगतो. सुनीताला सांगतो. चूक माझी होती."

त्यांनी नको म्हणून मान हलवली. "तू वाचत होतास ते मला दिसत होतं. वळण येतंय ते बी ठाऊक होतं, त्या लाइनवर माझी बावीस वर्षं गेली होती. एक हाक मारायची. पण म्हटलं, पोराचं पान पुरं होऊ दे..." मग म्हणाले, "आता चूक कुणाची ते तूच सांग. मी लय हिशोब केला. मला नाय जमला."

सुनीता चहा घेऊन आली. निघताना ते म्हणाले, "पण एकदा जा तिच्याकडं. बाळूच्या बायकोकडं. मला तिनं बोलू दिलं नाय. तू बोल." मी म्हणालो, जातो. आणि मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन महिने काढले, आणि मग सुनीताचा तो फोन आला.

उस्तादांचं दिवसकार्य झाल्यावर आठवड्याने मी पेठ रोडला गेलो आणि तिला सगळं सांगितलं. उस्तादांच्याच खोलीत. ती दाराला टेकून उभी राहून ऐकत होती. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर घराबाहेर काढेल. ती फार शांतपणे बोलली.

"मी तेव्हा सातवीत होते. नळावर एक बाई दुसरीला म्हणाली, ही त्या माणूस मारणाऱ्याची पोरगी. मी घरी आले आणि बाबांना विचारलं, खरं का? ते म्हणाले, हो. एवढंच. मग मी दहावी होईपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाही, काका. ताटात भाकरी वाढायची आणि आत निघून जायची. आई रागवायची, तर बाबाच म्हणायचे, राहू दे तिला. पुढे मी बोलायला लागले, पण जे गेलं होतं ते परत आलंच नाही. शेवटपर्यंत ते माझ्याशी जरा अदबीनेच बोलायचे. स्वतःच्या मुलीशी..."

मी म्हणालो, "सुनीता, मला माफ..."

"नको," ती म्हणाली. "मला त्याचं काय करायचं? तेव्हा ज्यांनी ज्यांनी ते ऐकलं, त्यांना सांगा. आणि त्याआधी त्या बाईंना सांगा."

बाळूचं गाव नगरच्या बाजूला, लाइनपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मी एसटीने गेलो, पुढे रिक्षाने. हौसाबाई घरासमोर पत्र्याच्या सावलीत शेंगा फोडत बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, काटक. मुलगा बापाच्या जागी रेल्वेत लागलेला, तो कामावर गेला होता. मी रेल्वेतला आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं पेन्शनच्या कागदांचं काही असेल. मी म्हणालो तसं नाही, आणि उभ्याउभ्याच सांगितलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. मध्येच कधीतरी त्यांचे हात थांबले.

"म्हंजी त्यो गावित नव्हता?"

"नाही. मी होतो. उजवी बाजू माझी होती."

"त्यो आल्ता," त्या म्हणाल्या. "हितं, उंबऱ्याभाईर. हात जोडून उभा ऱ्हायला. माझ्या सासूनं धोंडा उचलून मारला त्याला. कपाळातून रगत आलं. तरी हलंना. मंग म्याच वरडले, चालता हो म्हनून. तवा गेला."

उस्तादांच्या डाव्या भुवईवर एक व्रण होता. केबिनच्या दारावर आपटलो, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

"सांच्याला दिवा लावताना म्या त्याचं नाव घ्यायची," हौसाबाई म्हणाल्या. "त्याचं वाटुळं होऊ दे म्हनायची. लय वर्सं. पोराला बी शिकवलं तसं म्हनायला." मग माझ्याकडे बघून, "हाय का त्यो?"

"नाही. महिना झाला, वारले."

त्या समोरच्या शेंगांचा ढीग हाताने उगाच सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आता म्या काय करू?" त्यात राग नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. "तुला बी शिव्या घातल्या असत्या," त्या म्हणाल्या, "पर आता तेवढा दम ऱ्हायला न्हाई." त्या उठल्या, आत गेल्या, एक धुतलेलं फडकं आणलं. फोडलेले सगळे दाणे त्यात ओतले, घट्ट गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं.

"त्याच्या लेकीला नेऊन दे. तुला न्हाई."

"काही निरोप सांगू?"

त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली आणि खाली बसल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी मी ते गाठोडं पेठ रोडला नेऊन दिलं. हौसाबाई जे जे बोलल्या ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. सुनीताने दोन्ही हातांत ते धरून ठेवलं होतं. तिने एकच विचारलं, "धोंडा खरंच मारला होता?" मी म्हणालो, हो. ती बाबांच्या खोलीत गेली. खाटेवर त्यांची घोंगडी घडी करून ठेवलेली होती, तिच्यावर तिने ते ठेवलं.

त्याला आता पंधरा दिवस झाले. परवा हा मजकूर तिला वाचून दाखवायला गेलो होतो. तिने ऐकलं आणि म्हणाली, छापायला द्या. जाताना मी खोलीत डोकावलो. खाटेवर कुणी बसत नाही. घोंगडीवर ते गाठोडं तसंच आहे. सुनीताने त्याची गाठ अजून सोडलेली नाही.